वाचकांचे प्रश्न : कॅम्पर ओढणाऱ्या ट्रकचा एक्सल आणि डिफरेन्शियल

प्रश्न : माझ्या पेट्रोल पिकअप ट्रकला चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असून मागच्या एक्सलचे गुणोत्तर ३.४२ आहे. मूळचे २६५/७० आर १७ मापाचे टायर काढून मी २८५/७० आर १७ बसवले आहेत. माणसे आणि सामान धरून ट्रक सुमारे २६०० किलो आणि मागचा कॅम्पर ट्रेलर २७०० किलो भरतो. सपाटीवर गाडी छान चालते, पण थोडा चढ किंवा समोरून वारा आला की गिअर चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात पडतो, लगेच पुन्हा वर जातो आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान चढत राहते. ४.१० चे क्राऊन-पिनियन बसवल्यास हा त्रास जाईल का?

उत्तर : बराचसा जाईल, पण सगळा जाणार नाही. नेमका कोणता भाग जाईल हे काम करून घेण्याआधी समजून घेणे आवश्यक आहे, कारण या कामाकडून लोकांच्या अपेक्षा फार असतात आणि त्यांतल्या निम्म्या चुकीच्या असतात.

एक्सलचे गुणोत्तर म्हणजे क्राऊन व्हीलच्या (एक्सलमधल्या मोठ्या गिअरच्या) दातांना पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) दातांनी भागले की येणारी संख्या. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १२ दात असले तर ३.४२, तेच पिनियन १० दातांचे असले तर ४.१०. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणाऱ्या दांड्याला) पूर्वी जवळजवळ साडेतीन फेरे घ्यावे लागत होते, आता चारहून थोडे अधिक घ्यावे लागतील. चाकावर पोहोचणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २० टक्क्यांनी वाढतो आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही २० टक्क्यांनी वाढतात. इंजिनाची शक्ती मात्र एका वॅटनेही वाढत नाही. आपण इंजिनाला फक्त अधिक फेऱ्यांवर, म्हणजे जिथे ते अधिक शक्ती देऊ शकते अशा जागी, काम करू देतो.

आपल्या बाबतीत टायर बदलल्यानेही थोडे नुकसान झालेले आहे. मूळ टायरचा व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर होता, नव्याचा ८३१ आहे. फरक साडेतीन टक्क्यांचा दिसतो, पण त्यामुळे आपले ३.४२ हे मूळ टायरांच्या हिशेबाने ३.३० झालेले आहे. ट्रक जन्मतः जेवढा ओढू शकत होता, त्याहून थोडा कमी जोर तो आज चाकाला देतो आणि त्याला मागे ओढायला कॅम्पर दिलेला आहे.

आता ताशी ९० किलोमीटरचा हिशेब करू. ८३१ मिलिमीटरचे चाक या वेगाला मिनिटाला सुमारे ५७५ फेरे घेते. (वजनाखाली टायर थोडा चेपतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे दोन-तीन टक्के अधिक निघतील.) आपल्या गिअरबॉक्सची गुणोत्तरे दुसऱ्यात १.६३, तिसऱ्यात १.०० आणि चौथ्यात ०.७० अशी धरली, तर ३.४२ वर चौथ्यात इंजिन सुमारे १३७५, तिसऱ्यात १९६५ आणि दुसऱ्यात ३२०० फेऱ्यांवर असेल. ४.१० वर हेच आकडे १६५०, २३५५ आणि ३८४० होतील. तिसरा आणि दुसरा यांमधले प्रमाण दोन्हीकडे तेवढेच, १.६३ पट, राहते, हे लक्षात घ्यावे. एक्सलचे गुणोत्तर बदलल्याने शिडीच्या पायऱ्या जवळ येत नाहीत, अख्खी शिडी थोडी वर सरकते.

आपल्या ५३०० किलोला या वेगाने हवा आणि टायरांचा विरोध कापण्यासाठी साधारण ५० किलोवॅट लागतात असे धरू; कॅम्परचा उभा, सपाट चेहरा हवेत भिंतीसारखा घुसतो, म्हणून हा आकडा मोठा आहे. अडीच टक्के चढ, म्हणजे ४० मीटर चालल्यावर १ मीटर वर, आला की त्यात आणखी सुमारे ३२ किलोवॅटची भर पडते. इंजिन या फेऱ्यांमध्ये ४०० न्यूटन मीटर देते आणि त्यातले दहा टक्के वाटेत जातात असे मानले, तर ३.४२ वर तिसऱ्या गिअरमध्ये चाकाला ७४ किलोवॅट मिळतात. हवे आहेत ८२. म्हणून गाडी दुसऱ्यात पडते, तिथे गरजेपेक्षा पुष्कळ जास्त जोर मिळतो, वेग वाढतो, गिअर वर जातो आणि पुन्हा जोर कमी पडतो. आपण वर्णन केलेली धरसोड ती हीच. ४.१० वर तिसऱ्यातच सुमारे ८९ किलोवॅट मिळतात आणि गाडी तो चढ तिसऱ्यात स्थिरपणे चढते.

मात्र सहा टक्क्यांचा घाट लागला की मागणी १२८ किलोवॅटच्या आसपास जाते, आणि तिथे ३.४२ असो वा ४.१०, गाडीला दुसऱ्यातच जावे लागेल. ४.१० असेल तर दुसऱ्यात थोडा जोर हाताशी राहील आणि ३.४२ असेल तर वेग हळूहळू खाली येईल, एवढाच फरक. ज्यांचा प्रवास मुख्यतः उभ्या घाटांतून आहे, त्यांना या बदलाचे जेवढे कौतुक वाटते, त्याहून लांबलचक, सौम्य चढांवरून आणि वाऱ्यातून जाणाऱ्यांना ते अधिक वाटते, आणि त्याचे कारण या हिशेबात आहे.

तेल तापण्याचे कारणही याच धरसोडीत आहे. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलामार्फत जोडणाऱ्या भागाचा, आतला क्लच लागलेला असतो तोपर्यंत इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडलेले असतात. तो सुटला की दोघांमध्ये केवळ तेल उरते, आणि त्या तेलातली घसरण सरळ उष्णतेत जाते. गिअर वारंवार बदलला की हा क्लच वारंवार सुटतो. म्हणून माझी विनंती अशी की, काहीही उघडण्याआधी एक प्रवास ओव्हरड्राइव्ह बंद करून, म्हणजे चौथा गिअर वापरायचाच नाही असे ठरवून, करून पाहावा. चढावर काय होते, तेलाचे तापमान किती जाते, कोणत्या फेऱ्यांवर गाडी सुखाने चालते, हे लिहून ठेवावे. काही जणांचा प्रश्न इथेच संपतो. गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर नसेल तर तो मात्र बसवावाच.

शेवटी वजनाची गोष्ट. उत्पादकाने ट्रक आणि ट्रेलर मिळून जी कमाल मर्यादा पाटीवर दिलेली आहे, ती क्राऊन-पिनियन बदलल्याने वाढत नाही. त्याच ट्रकची ४.१० ची आवृत्ती कारखान्यातून अधिक मर्यादेसह निघालेली असते हे खरे, पण तिच्याबरोबर कूलर, स्प्रिंग, कधी ब्रेकही वेगळे आलेले असतात. पूर्ण भरलेला संच वजनकाट्यावर न्यावा. ट्रेलर एकूण किती आणि ट्रेलरच्या दांड्याचे वजन किती, हे वेगवेगळे मोजावे. दांड्यावर ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावे, म्हणजे आपल्याकडे २७० ते ४०५ किलो, आणि ते सगळे ट्रकच्या मागच्या एक्सलवर येते, हे अनेक जण हिशेबात धरत नाहीत.

हे सगळे बसत असेल आणि वर्षातले निम्म्याहून अधिक अंतर कॅम्परसह होत असेल, तर ४.१० करावे. ट्रक बहुतेक वेळ रिकामा धावत असेल तर ३.७३ वर थांबणे मला अधिक योग्य वाटते. आणि काम झाल्यावर वेगमापक नव्याने जुळवून घ्यावा, कारण ज्या ट्रकमध्ये वेगाची खूण गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून घेतली जाते, तिथे काटा तर चुकतोच, पण गिअर बदलण्याच्या वेळाही चुकतात.

प्रश्न : ट्रक चारचाकी चालीचा आहे. फोर व्हील ड्राइव्ह मी क्वचितच लावतो. मग फक्त मागचे क्राऊन-पिनियन बदलले तर चालेल का?

उत्तर : नाही. फोर व्हील ड्राइव्ह लावला की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटणारा भाग) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधतो. मागचा शाफ्ट चाकाच्या एका फेऱ्याला ४.१० फेरे मागत असेल आणि पुढचा ३.४२ मागत असेल, तर कोणते तरी टायर घसरलेच पाहिजेत. कोरड्या रस्त्यावर ते घसरत नाहीत आणि साखळी, शाफ्ट किंवा गिअर तुटतो. एका टोकाला ४.१० आणि दुसऱ्याला ४.११ असा नखभर फरक कारखान्यातूनही आलेला आढळतो आणि तो चालतो, त्यापलीकडे नाही. क्वचित लावता, म्हणजे चिखलात, रात्री, घाईत लावणार. नेमक्या त्याच वेळी हा दोष समोर येईल. दोन्ही एक्सलांचे काम एकत्रच करावे किंवा करूच नये.

प्रश्न : जुना ट्रक घेतला आहे. त्याचे गुणोत्तर किती आहे, हे न उघडता कसे कळेल?

उत्तर : डिफरेन्शियलच्या (एक्सलच्या मध्यावरच्या, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाच्या) झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर बहुधा लिहिलेले असते. पण आधीच्या मालकाने आतला जोड बदलला असेल तर पट्टीवर विश्वास ठेवता येत नाही. साधे डिफरेन्शियल असेल तर पुढची चाके दोन्ही बाजूंनी ओट लावून रोखावीत, मागचे एक चाक जमिनीवर ठेवून दुसरे जॅकने उचलावे, गाडी स्टँडवर टेकवावी आणि गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक सोडावा. शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करून उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवावे. त्या वेळात शाफ्टचे जेवढे फेरे होतील, तेवढे गुणोत्तर. दोन फेरे अशासाठी की एक चाक थांबलेले असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राऊन व्हील एकदाच फिरते. हे करताना गाडीखाली कोणीही जाऊ नये.

प्रश्न : मुक्कामाच्या जागी ओल्या गवतावरून कॅम्पर बाहेर काढताना मागचे एक चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी हलत नाही. क्राऊन-पिनियनसाठी एक्सल उघडणारच आहे, तर लिमिटेड स्लिप घ्यावे की लॉकर? मिस्त्री लॉकरचा आग्रह करतात.

उत्तर : एक्सल उघडणारच असेल तर डिफरेन्शियलचाही विचार त्याच वेळी करावा, हे अगदी योग्य, कारण मजुरीचा मोठा भाग दोन्हींत सारखाच आहे. मात्र मिस्त्रींच्या आग्रहाशी मी सहमत नाही.

आपल्याकडे आज जे आहे ते साधे, उघडे डिफरेन्शियल. लोक म्हणतात की ते सगळा जोर घसरणाऱ्या चाकाला देते. तसे नसते. ते दोन्ही चाकांना नेहमी जवळपास सारखाच टॉर्क देते; अडचण अशी की ओल्या गवतावरच्या चाकाला जेवढा टॉर्क पेलतो, तेवढाच कोरड्या मातीवरच्या चाकालाही मिळतो, आणि तो २७०० किलोचा ट्रेलर हलवायला पुरत नाही. दोन्ही मागची चाके उचलून एक हाताने फिरवले तर दुसरे उलट दिशेने फिरते; आतले चार छोटे गिअर एवढेच जाणतात की दोघांची बेरीज सांभाळायची. वळणावर हाच गुण कामाचा असतो, गवतावर तोच नडतो.

क्लच प्लेटांचे लिमिटेड स्लिप हा जुना आणि चांगला उपाय आहे. प्लेटा स्प्रिंगने दाबलेल्या असतात आणि दोन्ही चाकांच्या वेगात फरक पडू लागला की त्या विरोध करतात. परंतु त्या झिजतात, आणि कॅम्पर घेऊन अरुंद जागेत मागे-पुढे करत वळणे हा त्यांच्या झिजेचा राजमार्ग आहे. त्यांच्या तेलात घर्षण सौम्य करणारे खास द्रव्य घालावे लागते. ते राहिले की वळताना मागून थरथर ऐकू येते आणि मालकाला वाटते, गिअर गेले.

तिरक्या दातांच्या गिअरचे लिमिटेड स्लिप, ज्याला टॉर्सन किंवा ट्रूट्रॅक या प्रकारांच्या नावाने मिस्त्री ओळखतात, त्यात प्लेटा नसतात. जोर आला की त्याचे गिअर आपल्या घरांच्या भिंतींवर दाबले जातात आणि पकड असलेल्या चाकाकडे अधिक टॉर्क वळवतात. त्याला वेगळे द्रव्य लागत नाही, चालवताना ते जाणवतही नाही. त्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी : एक चाक पूर्ण हवेत गेले तर वाढवायला मुळात काही उरत नाही आणि ते उघड्या डिफरेन्शियलसारखे वागते. अशा वेळी ब्रेक हलका दाबून धरत ॲक्सिलरेटर दिला की तरंगत्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि बऱ्याचदा गाडी निघते.

आपोआप लागणारा लॉकर दोन्ही चाके एकत्र बांधून ठेवतो आणि वळताना बाहेरचे चाक टकटक आवाज करत सोडतो. चिखलात त्याला तोड नाही. पण ओल्या किंवा बर्फाळ वळणावर जोर दिला तर दोन्ही मागची चाके एकदम सुटू शकतात, आणि मागे ट्रेलर असताना ट्रकचा मागचा भाग बाजूला जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी एकदा पाहिले आहे ते त्याबद्दल हसत बोलत नाहीत. म्हणून रस्त्यावर कॅम्पर ओढणाऱ्या ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये तो बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हवेच्या दाबाने किंवा विजेने, चालकाने बटण दाबल्यावरच लागणारा लॉकर ही वेगळी गोष्ट आहे. तो सुटलेला असताना साधे डिफरेन्शियल असते, लावला की पूर्ण लॉक. खडकाळ वाटांवर जाणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. आपली तक्रार ओल्या गवताची आहे, तेव्हा तिरक्या दातांचे लिमिटेड स्लिप घ्यावे.

एक व्यावहारिक सूचना. काही एक्सलांमध्ये डिफरेन्शियलचे घर, म्हणजे कॅरियर, ठरावीक गुणोत्तरांपुरतेच असते, कारण पिनियन बारीक झाले की क्राऊन व्हील त्याच्याकडे सरकवावे लागते. डाना ४४ एक्सलचे नेहमीचे उदाहरण घेतले तर ३.७३ आणि त्याखालील गुणोत्तरांना एक कॅरियर, ३.९२ आणि त्यावरील गुणोत्तरांना दुसरा. आधी गुणोत्तर पक्के करावे, मग त्याला बसणारे डिफरेन्शियल मागवावे. उलट क्रमाने मागवलेले सामान परत करण्यात आठवडे जातात.

प्रश्न : ट्रेलर नाही, ट्रकच्या हौद्यात बसणारा १२०० किलोचा कॅम्पर घेत आहोत. त्यासाठी एक्सलचे गिअर मजबूत करावेत का?

उत्तर : हा प्रश्न गिअरचा नाही, वजन पेलण्याचा आहे. सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये आतला शाफ्ट चाक फिरवतोही आणि ट्रकचे वजनही पेलतो. शाफ्ट तुटला तर चाक बाहेर येऊ शकते. फुल-फ्लोटिंग एक्सलमध्ये वजन हबच्या दोन बेअरिंगांमार्फत थेट एक्सलच्या नळीवर जाते आणि शाफ्टकडे फक्त फिरवण्याचे काम उरते. चाकाच्या मध्यातून पुढे आलेला जाड हब आणि त्यावर गोलाकार बोल्टांची टोपी दिसली तर एक्सल फुल-फ्लोटिंग समजावा. १२०० किलोच्या कॅम्परमध्ये पाणी, गॅस, सामान आणि माणसे मिळवली की हलक्या पिकअपची मर्यादा ओलांडली जाते, आणि कितीही चांगले क्राऊन-पिनियन ती वाढवत नाही. असा कॅम्पर फुल-फ्लोटिंग एक्सलच्या ट्रकवरच घ्यावा.

प्रश्न : महिन्यापूर्वी ४.५६ चे गिअर बसवून घेतले. ताशी ७० ते ८० च्या दरम्यान ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून शिट्टीसारखा आवाज येतो, जोर दिला की थांबतो. बसवणारे म्हणतात, चालवत राहा, दात बसले की जाईल. थांबू का?

उत्तर : थांबू नये. चुकीच्या जागी बसलेले दात चालवून बरोबर जागी येत नाहीत. ते चुकीच्या जागीच झिजतात, आणि एकदा झिजले की नंतर जुळवणी नीट केली तरी आवाज राहतो.

दाताला दोन बाजू असतात : जोर देताना एक बाजू काम करते, पाय काढल्यावर दुसरी. आपला आवाज फक्त दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून पिनियनची खोली, दातांमधला प्ले (मोकळीक) किंवा पिनियन बेअरिंगचा ताण, यांपैकी काहीतरी चुकले आहे असे मानायला जागा आहे. जोर दिला काय, काढला काय, सारखीच घरघर असती तर मी आधी बेअरिंग पाहिले असते.

झाकण उघडून समोर उभे राहावे आणि दात पाहण्याचा आग्रह धरावा. क्राऊन व्हीलच्या चार-पाच दातांना खुणेचा पिवळा लेप ब्रशने पातळ लावतात, क्राऊनला फडक्याने थोडा विरोध देत पिनियन दोन्ही दिशांना फिरवतात. लेप जिथून पुसला जातो तो ठसा म्हणजे दातांचा खरा संपर्क. तो लांबट अंडाकृती आणि दाताच्या उंचीच्या मध्यावर असावा. दाताच्या मुळाशी दाबलेला ठसा म्हणजे पिनियन फार आत, टोकाच्या कडेवर चढलेला म्हणजे फार बाहेर. दोन्हींचा उपाय पिनियनखालचे शिम (पातळ चकत्या) बदलणे हाच आहे. प्ले डायल गेजने मोजतात. तो बहुतेक एक्सलांत ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो आणि क्राऊनच्या तीन-चार जागी मोजल्यावर सारखाच यावा लागतो. ज्या मिस्त्रींकडे डायल गेज नाही आणि जे हाताने हलवून सांगतात, त्यांच्याकडून हे काम करून घेऊ नये, मग सामान कितीही नामांकित असो. मी सामानाच्या नावापेक्षा बसवणाऱ्याचा हात पाहतो.

तेलही पाहावे. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी बारीक पूड पहिल्या महिन्यात सर्वांच्याच एक्सलात सापडते, तिची काळजी नको. नखाला टोचणारे तुकडे सापडले तर ट्रक तिथेच थांबवावा.

आणि आपण कॅम्पर लगेच जोडला होता का, हेही आठवावे. माझ्या स्वतःच्या ट्रकचा पहिला क्राऊन-पिनियन जोड मी याच चुकीने गमावला. काम झाल्यावर चौथ्या दिवशी लांबच्या चढावर ट्रेलर नेला. परत आल्यावर झाकण उघडले तर तेल काळे, त्याला जळका वास आणि पिनियनच्या दातांवर निळी झाक. ती झाक म्हणजे पोलादाची कडकपणाची प्रक्रिया उष्णतेने मोडली, याची खूण. नव्या हायपॉइड (क्राऊन-पिनियनच्या वळणदार) दातांचे पृष्ठभाग एकमेकांवर घासत घासत गुळगुळीत होतात आणि त्या काळात उष्णता फार निर्माण होते. म्हणून पहिल्यांदा २५-३० किलोमीटर सावकाश चालवून गाडी अर्धा तास पूर्ण थंड होऊ द्यावी, आणि हे दोन-तीनदा करावे. पहिले ८०० किलोमीटर काहीही ओढू नये. मग तेल बदलावे. जीएल-५ दर्जाचे, उत्पादकाने सांगितलेल्या घट्टपणाचे. त्यानंतर कॅम्पर जोडला की पहिल्या दोन-तीन खेपाही २५ किलोमीटरच्याच ठेवाव्यात, प्रत्येक खेपेनंतर थांबावे आणि डिफरेन्शियलच्या झाकणाजवळ हात न्यावा; हात ठेववत नसेल तर निवेपर्यंत पुढे निघू नये.